पाच नंबरचा भोंगा

हॅलो, हॅलो. रामनगरच्या समस्त नागरिकांना, जोयड्याला कचेरीच्या कामासाठी निघालेल्यांना, बाजारकुणंगच्या रानातून मध घेऊन उतरलेल्यांना आणि सुपा धरणाच्या पाण्याखाली ज्यांची जुनी घरं आहेत त्या सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यात बसून आलेले दोन स्पीकर कधीही सारखे नसतात. या बातमीनं कुणाला भोवळ आली असल्यास त्यांनी मंडपाच्या उजव्या बाजूला येऊन बसावं. पाणी दिलं जाईल.

ही घोषणा मी आमच्या दुकानात पक्कड तोंडापुढं धरून इतक्या वेळा केली आहे की समोरचा पानवाला ती झोपेतही म्हणू शकेल. दुकान रामनगरच्या रस्त्यावर. स्पीकर, भोंगे, अँप्लिफायर दुरुस्त करून मिळतील. आम्ही दोघे भाऊ. थोरल्याला सगळा गाव अण्णा म्हणतो. मला तो अजून तम्मा, म्हणजे धाकट्या, म्हणतो, पन्नाशी जवळ आली तरी. अण्णाला कान आणि मला तोंड, अशी वाटणी आईनं जन्मतःच करून टाकली होती, आणि तिच्याविरुद्ध आम्ही कधी अपील केलं नाही.

अण्णाचा कान म्हणजे तालुक्यातली एक जागाच होती. लोक ती बघायला यायचे. जळालेल्या स्पीकरचा कागदी कोन तो अंगठ्यानं हलकेच दाबायचा, सोडायचा, आणि सांगायचा, "ह्याची कॉइल घासूलालीय." उघडून बघावं तर तसंच. त्यात दोनेक वर्षांपूर्वी त्यानं नवीन पद्धत काढली. बांबूची वीतभर कांडी. एक टोक स्पीकरच्या लोखंडी चौकटीवर, दुसरं टोक दातांत. डोळे मिटून बसायचा. हा प्रकार बघून गिऱ्हाईक चपला काढून उभं राहायचं. "आण्णाची विद्या वाढली," लोक म्हणाले. "आता कानबी लागत न्हाई त्याला." मीही हे वाक्य चार ठिकाणी रंगवून सांगितलं. हसू नका. तुम्हीही सांगितलं असतं.

मग गेल्या वर्षी उळवीच्या जत्रेत ती गोष्ट झाली.

जत्रेतले भोंगे आमच्याकडून जायचे. मंडपवाले मामा (ते कुणाचेच मामा नव्हेत, म्हणून सगळ्यांचे) दरवर्षी आमच्याकडून ते जुळवून न्यायचे. जुळवणं म्हणजे सारख्या आवाजाचे भोंगे एका वाटेवर लावणं, म्हणजे माणूस चालत गेलं तरी शब्द तुटत नाही. ते काम अण्णाचं. त्या वर्षी भोंगे फुटके बोलले. एक किंचाळायचा, पुढचा घोगरा, त्याच्या पुढचा नुसता फुसफुसायचा. खानापूरकडची एक म्हातारी आपल्या माणसांपासून चुकली. तिच्या लेकानं माइकवरून घसा बसेपर्यंत सांगितलं, आई, देवळाच्या दाराशी थांब. म्हातारी एका भोंग्याच्या बरोबर खाली उभी होती. तिला आवाज ऐकू आला, पण शब्द कळला नाही. कुणीतरी ओरडतंय म्हणून घाबरून ती उलट्या दिशेला, रानाकडं चालत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. जिवंत होती. पायांची सालटी निघाली होती, आणि ती लेकालासुद्धा ओळखत नव्हती.

मामा त्यानंतर दुकानात आले, पण बाकावर बसले नाहीत. "आण्णा, भोंगा नीट असता तर म्हातारी घटकाभरात सापडली असती." एवढंच म्हणाले आणि गेले. बाजारात मात्र वाक्य वाढत गेलं. अण्णाचा कान गेला, अण्णा म्हातारा झाला, अण्णा आता अंदाजपंचे जुळवतो. अण्णा यावर काहीच बोलला नाही. तसा तो तेव्हा कशावरच बोलत नव्हता. त्याच सुमारास वैनीनं स्वतः सही करून मुलीला बेळगावात नर्सिंगला पाठवलं होतं, अण्णा नको म्हणत असताना, तो जत्रेत असताना. तेव्हापासून घरात वैनी विचारायची आणि अण्णा उत्तर द्यायचा नाही. वैनी ताट आदळायची, तो मान वर करायचा नाही. हा राग किती लांबतोय, याचं मला कौतुकच वाटत होतं. आमच्या घराण्यात राग चार दिवसांच्या वर कुणाला टिकवता आला नव्हता.

अण्णाचं नाव धुऊन काढायचं, असं मी ठरवलं. आणि दोष कुणाचा हे मला माहीत होतं. कारखान्याचा!

त्यासाठी मी मोजायचं यंत्र उभं केलं. यंत्र म्हणजे जुना लॅपटॉप, एक साउंडकार्ड, एक रेझिस्टन्स आणि चार वायरी. पण त्याला मी पिवळं फडकं पांघरलं होतं आणि कुणी आलं की ते दोन बोटांनी उचलायचो. प्रत्येक स्पीकरचा आपला एक सूर असतो. झोपाळ्याला जशी आपली लय असते, त्या लयीत ढकललं की तो कमी जोरात जास्त झुलतो, तसा त्या एका सुराला कोन मनापासून हलतो. लॅपटॉप खालून वर चढत जाणारी घूं सोडतो आणि पडद्यावर एक टेकडी उगवते. टेकडीचा माथा जिथं, तो त्या स्पीकरचा सूर. मग कोनावर मेण चिकटवायचं, नेमक्या वजनाचं. मेण रानातलं, पोळ्याचं. वजन सोनाराच्या काट्यावर केलेलं, सोनार म्हणाला, "ह्येचं काय मंगळसूत्र करूलालास?" मेणाच्या ओझ्यानं टेकडी डावीकडं सरकते. किती सरकली, त्यावरून कळतं की आतली कापडी जाळी ताठ आहे का सैल.

एका खोक्यातले आठ स्पीकर मी मोजले. शिक्का एक, नंबर एक, रंग एक. आणि आठांच्या आठ टेकड्या वेगळ्या. एकाचा माथा अडतीस हर्ट्झवर, एकाचा सत्तेचाळिसावर. कुठं डिंकाचा थेंब जास्त पडलेला, कुठं जाळी कडक, कुठं कागद जाड. मी सगळं दोनदा मोजलं, सकाळच्या गारठ्यात आणि दुपारी ऊन चढल्यावर, म्हणजे हवेवर ढकलायला नको. आकडे थोडे हलले, भांडण तेच राहिलं. मी आनंदानं दुकानात एक गिरकी मारली. आरोपी सापडला होता.

आता फक्त गावाला दाखवायचं होतं. मला साधं सांगता येत नाही, हा माझा रोग आहे. मी जाहीर केलं: जत्रेच्या आधी, शनिवारी सकाळी, दुकानासमोर, अण्णाचा कान विरुद्ध लॅपटॉप. पंच म्हणून शाळेतले निवृत्त गुरुजी. मामांना मुद्दाम बोलावलं. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला, जो जिंकेल त्याच्या गळ्यात जाईल म्हणून.

पहिली फेरी आठ स्पीकरची. अण्णानं आदल्या दिवशीच कांडी दातांत धरून जोड्या लावल्या होत्या आणि कागद गुरुजींच्या खिशात होता. मी सगळ्यांसमोर एकेक स्पीकर मोजला, टेकड्या दाखवल्या, जवळजवळच्या माथ्यांच्या जोड्या मोठ्यानं वाचल्या. गुरुजींनी कागद उघडला. चारही जोड्या त्याच.

"आई शप्पत," मामा म्हणाले.

"म्हणजे स्पीकर सारखे नाहीत हे अण्णाला यंत्राच्या आधी माहीत होतं," गुरुजी म्हणाले. मी लॅपटॉपचा हार काढून अण्णाच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा लाजून हसला. मामा पुढं झाले आणि त्याचा हात धरून म्हणाले, "मी उगंच बोललो गा. कंपनीच चोर हाय. या जत्रंलाबी तूच जुळव." अण्णानं मामांच्या तोंडाकडं बघत मान हलवली.

इथं थांबायचं होतं. शहाण्या माणसानं इथं चहा सांगितला असता.

पण मी दुसरी फेरी ठेवली होती, भोंग्यांची. भोंग्याला हलणारा कोन बाहेर दिसत नाही. पाठीमागं बंद डबी असते, त्यात नखाएवढा पातळ पडदा. अंगठा लावायला जागा नाही, कांडीलाही काही लागत नाही. तिथं कानच हवा. सहा भोंगे फळीवर लावले, मागच्या वायरी चादरीनं झाकल्या, आणि एक बटण फिरवलं की एकेक भोंगा तीच बारीक शिट्टी वाजवणार. फक्त पाचव्याची वायर मी काढून ठेवली होती. माझा डाव सरळ होता. अण्णा म्हणणार, "तम्मा, वायर लाव की, गाढवा," लोक पोट धरून हसणार, आणि त्याच्या कानाची कीर्ती उळवीच्या पलीकडं जाणार.

पहिला वाजला. अण्णानं माझ्याकडं बघितलं, मग भोंग्याकडं. "ठीक." दुसरा कर्कश होता, माझं तोंड वाकडं झालं. "ह्यो घासतोय," अण्णा म्हणाला. तिसरा, चौथा. मग पाचवा. बटण फिरवलं. काही नाही. समोरच्या पिंपळावरचे पोपट तेवढे ऐकू येत होते. लोकांनी ओठ दाबले. मी माझी कला पणाला लावली: डोळे अर्धे मिटले, मोठ्या गवयापुढं बसल्यासारखी मान डोलावली, हात छातीवर ठेवला.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. पुढं वाकला. कान भोंग्याच्या तोंडाशी नेला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग बोट उचलून म्हणाला, "ह्यो. ह्योच सगळ्यात साफ हाय."

काय हशा झाला! मामा मांडीवर थापा मारत होते. "उलटवलीस गा आण्णा! भावाची चांगली जिरवलीस!" गुरुजींचा चष्मा खाली पडला. सगळ्यांना वाटलं, अण्णानं माझ्या चेष्टेला चेष्टेनं उत्तर दिलं. मलाही वाटलं. अण्णाही हसला. फक्त तो जरा उशिरा हसला. सगळ्यांची तोंडं एकदा बघून झाल्यावर.

माणसं पांगली. मी चादर घडी घालत होतो. अण्णा हार घालून बाकावर बसला होता.

"तम्मा," तो म्हणाला, "मघाशी समदी हसूलालीत ती कशाला?"

मी घडी घालायची थांबवली. त्याच्याकडं पाठ होती माझी. तसाच म्हणालो, "पाच नंबरला वायरच नव्हती."

त्यानं काही उत्तर दिलं नाही. मी वळलो. तो माझ्या तोंडाकडं वाट बघत होता, आता मी बोलेन म्हणून. मी पुन्हा म्हणालो, हळू, ओठ उघडून. या वेळी त्याला कळलं.

दोन वर्षं तो भोंगे ऐकत नव्हता. माझं तोंड वाचत होता. माझं तोंड, जे प्रत्येक शिट्टीला वाकडंतिकडं होतं, ज्यावर कुठलीच गोष्ट लपत नाही, ज्याचा मला एवढा अभिमान. मला जो भोंगा बरा वाटला, तो त्याच्या जोडीत जायचा. आणि मी काम करताना कधी दाढ दुखते म्हणून तोंड वाकडं करायचो, कधी पानवाल्याला वेडावून दाखवायचो. त्यावर उळवीचे भोंगे जुळले होते. कांडी ही विद्या नव्हती. बारीक आवाज गेले, जाड तेवढे हाडातून लागत होते, म्हणून त्यानं दातांत बांबू धरला होता. आणि आम्ही चपला काढून उभे होतो.

अण्णानं हार काढला आणि बाकावर ठेवला.

"मंजे त्या म्हातारीला मीच रानात घातली," तो म्हणाला.

मी म्हणालो, कंपनी. मी म्हणालो, जाळी, डिंक, कागद. एकेक आकडा सांगितला. माझं तोंड बंद होत नव्हतं आणि तो ते वाचायचं थांबला होता. फळीकडं गेला, ओल्या फडक्यानं सहाही भोंग्यांवरच्या, जुळवताना केलेल्या आपल्या खडूच्या खुणा पुसल्या. नीट, कोरडं करून. मग मामांकडं गेला आणि स्वतःच सांगून आला. मामा काय म्हणाले ते त्यानं मला सांगितलं नाही. बहुतेक त्याला ऐकूच आलं नसेल.

आम्ही बेळगावला गेलो. कानाच्या डॉक्टरांचं यंत्र माझ्या यंत्राचं सख्खं भावंड निघालं. तीच चढत जाणारी घूं, तोच आलेख. फक्त समोर स्पीकरच्या जागी भाऊ बसलेला, काचेच्या खोलीत, डोक्याला पट्टा, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजांना तो दाबत होता. मग आवाज बारीक होत गेले आणि त्याचा अंगठा थांबला. काचेतून तो माझ्याकडं बघायला लागला. नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं.

आलेख मला कुणी समजावायची गरज नव्हती. डावीकडं सपाट, मधूनच कडा तुटल्यासारखा खाली. पडदा जळालेल्या भोंग्याचा असाच येतो. त्याला मी पंधरा मिनिटांत नवा पडदा बसवतो. डॉक्टर कन्नडात म्हणाले, कानाची शीर गेली आहे, परत येणार नाही. मशिनीनं थोडं ऐकू येईल, शब्द पूर्वीसारखे साफ येणार नाहीत. काम काय करता, विचारलं. भोंगे, मी म्हणालो. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि म्हणाले, तुम्हीही बसा. मी बसलो. माझ्या आलेखालाही उतार लागला आहे. अजून कडा नाही, उतार. एकाच आईच्या पोटचे असलो तरी आम्हीही सारखे निघालो नाही. माझा पडदा थोडा जाड असावा.

बसमध्ये अण्णा खिडकीशी बसला. खानापूर मागं पडलं. मग म्हणाला, "घरात सांगू नगं." मी मान हलवली. मान हलवणं हे आता आमच्यात वचनासारखं झालं होतं. मी ते तीन दिवस पाळलं. माझ्यासारख्या माणसासाठी ही तपश्चर्या आहे, याची नोंद व्हावी.

जत्रा त्याच दिवसांत आली; भोंगे मी यंत्रावर जुळवले. शब्द साफ गेले, असं मामा म्हणाले. अण्णा आला नाही. तो आता दुकानात भोंग्याला हात लावत नाही. घरी बसून कॉइलीची तार गुंडाळतो. ते बोटांचं काम आहे.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. अण्णा पायरीवर आमच्याकडं पाठ करून तार गुंडाळत होता. वैनी आत भांडी घासत होती. मला बघताच सुरू झाली, "भावजी, तुम्ही तरी इचारा ह्यांला. बेळगावला जाऊन आल्यापास्नं जेवाण बी धड न्हाई. अजून पोरीचंच धरून बसल्यात काय? मी किती येळा चुकलं म्हटलं. रोज म्हटलं. चुलीकडं तोंड करून म्हटलं, पाणी तापवताना म्हटलं. ह्यांच्या तोंडातनं हूं न्हाई."

चुलीकडं तोंड करून. मी खिशातला आलेख काढला. वचन मोडलं, कबूल आहे. तो कागद तिच्यापुढं धरला आणि कडा तुटते तिथं बोट ठेवलं. म्हणालो, "वैनी, ह्याच्या अलीकडचं त्याला लागतं. ढोल, ट्रक, माझा आवाज थोडाफार. ह्याच्या पलीकडचं काहीच नाही. शिट्टी नाही, बांगडी नाही, ताट नाही. बायकांचं बोलणं बहुतेक सगळं ह्याच्या पलीकडं असतं. त्यात पाठमोरं असलं तर तोंडही दिसत नाही. दोन वर्षं झाली."

वैनीनं कागद हातात घेतला नाही. हात राखेनं भरले होते. ती आलेखाकडं बघत राहिली, मग पायरीकडं. अण्णाचं डोकं वाकलेलं, बोटं तारेवर चालत होती, एक वेढा, दुसरा वेढा. ती त्याच्या पाठीमागं दोन हातांच्या अंतरावर उभी होती, आणि तिथूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "आगं बया! मंजे वरीसभर हे माझ्यावर रुसलेच न्हवते व्हय?"